लोकरीपायी

कोयपूच्या मादीचे सड पोटावर नसतात. ते असतात कुशीच्या वरच्या अंगाला, जवळजवळ पाठीशी. त्यामुळे आई पाण्यात तरंगत असली तरी पिल्लं तिला बिलगून, नाकं पाण्याबाहेर ठेवून दूध पितात. दक्षिण अमेरिकेतल्या दलदलींत लव्हाळ्याच्या बेटांमध्ये राहणारा हा पाच-सहा किलोंचा कृंतक. पाण्याच्या संसारासाठी शरीर किती बारकाईनं बदलतं, याचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण. फरच्या व्यापाऱ्याला मात्र याच रचनेत निराळं काही दिसलं. सड वर असल्यामुळे पोटावरची मऊ लोकर अखंड मिळते, म्हणून कोयपूचं कातडं पोटाकडून न चिरता पाठीकडून चिरायची पद्धत पडली.

उंदीर, खार, साळिंदर हे सगळे कृंतक. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहणं ही त्यांची कुळखूण. या प्रचंड कुळातल्या मोजक्या शाखा निरनिराळ्या खंडांत, एकमेकींशी संबंध नसताना, गोड्या पाण्याकडे वळल्या. पाण्यानं सगळ्यांकडून साधारण सारख्याच गोष्टी करून घेतल्या : मागच्या बोटांमध्ये पडदे, डुबी मारताच मिटणाऱ्या नाकपुड्या, आणि बहुतेकांच्या अंगावर दुहेरी केस. वरचे राठ केस पाणी अडवतात, खालची दाट लव हवा धरून ठेवते. गार पाण्यात उष्ण रक्ताच्या प्राण्याला तगवते ती हीच हवा. आणि गेल्या चारशे वर्षांत या प्राण्यांचं जे काही बरंवाईट झालं, त्यातलं बहुतेक या लवेपायीच झालं, असं मला वाटतं.

सगळ्यात मोठी किंमत मोजली बीव्हरनं. त्याच्या पाठीवर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ हजार केस असतात, पोटावर सुमारे २३ हजार. त्या केसांना सूक्ष्म खवले असल्यानं ते एकमेकांत घट्ट अडकतात आणि त्यांचं उत्तम फेल्ट होतं. युरोपातल्या श्रीमंतांच्या हॅट या फेल्टच्या होत. फेल्ट करताना पाऱ्याचं संयुग वापरत. त्याच्या वाफेनं हॅट बनवणाऱ्या कारागिरांची डोकी बिघडत. युरोपातला बीव्हर विरळ झाल्यावर मोर्चा उत्तर अमेरिकेकडे वळला. १६७० मध्ये सनद मिळालेली हडसन्स बे कंपनी बीव्हरच्या कातड्यांवरच मोठी झाली. तिच्या ठाण्यांवर इतर मालाचे भावही बीव्हरच्या कातड्यांतच ठरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-आशियात मिळून जेमतेम १२०० बीव्हर उरले होते.

हा प्राणी जवळून पाहावा असाच आहे. दात नारिंगी, कारण इनॅमलमध्ये लोह असतं. पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असल्यामुळे कुरतडताना धार आपोआप लागत राहते. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे पाण्याखाली फांदी तोडताना तोंडात पाणी जात नाही. डोळ्यांवर पारदर्शक पडदा ओढता येतो. मागच्या पायाचं एक नख दुभंगलेलं असतं, ते लव विंचरायच्या कामी येतं. चपटी शेपटी म्हणजे चिखल लिंपायची थापी, ही समजूत फार जुनी, पण चुकीची. चिखल तो पुढच्या पंजांत धरून आणतो. शेपटीत चरबी साठते, आणि धोका दिसला की ती पाण्यावर आपटून घरच्यांना सावध करता येतं.

धरण तो बांधतो ते घराचं दार बुडलेलं राहावं म्हणून. काटक्या-चिखलाच्या घुमटात झोपायची जागा कोरडी असते, पण येण्या-जाण्याची वाट पाण्याखालून. लांडग्याला ती सापडत नाही. वर बर्फाचा थर धरला, तरी तळाशी खोचून ठेवलेल्या फांद्या हिवाळाभर पुरतात. १९६० च्या दशकात लार्स विल्सन या स्वीडिश अभ्यासकानं बंदिस्त बीव्हरांना वाहत्या पाण्याचा आवाज लाउडस्पीकरवर ऐकवला. आसपास पाणी वाहत नसतानाही त्यांनी आवाजाच्या जागी काटक्या रचायला घेतल्या. पाणी कुठून निसटतंय याचा पत्ता त्यांना कान देतात!

एकदा पाणी अडलं की पुढचं आपोआप घडतं. गाळ बसतो, भूजल चढतं, पूर रेंगाळतो, तळ्यात बेडूक आणि बदकं येतात. हे लक्षात आलं तसे माणसानं बीव्हर परत सोडायला सुरुवात केली. स्वीडननं १९२२ मध्ये नॉर्वेतून आणले. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं १९४८ मध्ये ७६ बीव्हर पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटनं डोंगराळ भागात उतरवले. एक दगावला, बाकीचे कामाला लागले.

पण जागा चुकली की हेच गुण अंगाशी येतात. १९४६ मध्ये अर्जेंटिनानं फरचा धंदा उभा राहील या आशेनं कॅनडाचे वीस बीव्हर तिएर्रा देल फ्युएगो बेटावर सोडले. धंदा उभा राहिला नाही, बीव्हर मात्र फोफावले. उत्तरेकडची विलोसारखी झाडं तोडली तरी बुंध्यातून फुटतात. तिथली लेंगा झाडं तशी फुटत नाहीत आणि तुंबलेल्या पाण्यात उभीच्या उभी मरतात.

कोयपूचीही हीच गत. इंग्लंडमध्ये १९२९ मध्ये फरसाठी आणलेले कोयपू पिंजऱ्यांतून निसटले आणि पूर्वेकडच्या दलदलींत पसरले. तिथल्या काठांना त्यांनी भोकं पाडली, बीटची शेतं खाल्ली. १९८१ मध्ये सरकारनं त्यांना संपवायची मोहीम काढली. यात अडचण अशी, की शेवटचा कोयपू धरला की धरणाऱ्याची नोकरीही गेलीच. म्हणून मुदतीआधी काम संपवणाऱ्यांना घसघशीत बोनस कबूल केला, आणि १९८९ मध्ये मोहीम फत्ते झाल्याचं जाहीर झालं. मला यात प्राणिशास्त्रापेक्षा माणसाच्या स्वभावाची जाण जास्त दिसते. लुइझियानात कोयपू किनाऱ्यालगतच्या पाणथळीतलं गवत मुळासकट खातो आणि उघडी पडलेली माती लाटांबरोबर जाते. २००२ पासून तिथे नोंदणी केलेल्या शिकाऱ्याला शेपटीमागे पैसे मिळतात, सुरुवातीला चार डॉलर, आता सहा.

व्होल या काठावरच्या छोट्या कृंतकाला ब्रिटनमध्ये मारलं ते दुसऱ्याच्या लोकरीनं. फरच्या फार्ममधून निसटलेलं अमेरिकन मिंक हे शिकारी जनावर इतकं सडपातळ, की मादी मिंक व्होलच्या बिळात थेट घुसते. पाण्याखालचं दार तिच्यापुढे निरुपयोगी. ऑस्ट्रेलियाचा राकाली हा पाण्यातला कृंतक कुणी बाहेरून आणला नव्हता, पण १९३० च्या दशकात मस्क्रॅट या अमेरिकन पाणकृंतकाच्या फरच्या आयातीवर बंदी आली आणि शिकारी त्याच्यामागे लागले. तो आता सावरला आहे. बाहेरून आलेला विषारी केन टोड बेडूक उलथा करून, पोट फाडून, विषाच्या जागा टाळून नेमकं काळीज आणि यकृत खाणारे राकाली तिथे नोंदले गेले आहेत.

कॅपिबारा हा सगळ्यात मोठा कृंतक, पन्नास किलोंच्या आसपासचा. ऊबदार मुलखात राहत असल्यानं त्याचे केस विरळ, त्यामुळे फरवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कातडं आणि मांस यांनी मात्र सुटका होऊ दिली नाही. व्हेनेझुएलात तर लेंटच्या उपासाला तो चालतो, कारण पाण्यात राहतो म्हणून चर्चनं त्याला माशांत धरलं.

आपल्याकडे अस्सल पाण्यातला कृंतक नाही. पाणमांजर मांसाहारी, तिचं कूळ वेगळं. जवळात जवळची म्हणजे घूस. भातखाचरांच्या बांधात बिळं करते, लोंब्या आत ओढून साठवते आणि पाणी भरलं तर सरळ पोहत निघते. तिची लव राठ, म्हणून तिची शिकार झाली ती फक्त भातापायी.

मस्क्रॅटचा युरोपातला प्रवास सुरू झाला तो प्रागजवळच्या दोब्रीशमधून. १९०५ मध्ये तिथल्या सरदारानं आपल्या जहागिरीत अमेरिकेहून आणलेले चार-पाच मस्क्रॅट सोडले. काही दशकांत त्यांची प्रजा निम्म्या युरोपभर झाली, आणि काही भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या नेदरलँड्सला बंधारे पोखरले जाऊ नयेत म्हणून पगारी मस्क्रॅटमारे ठेवावे लागले. ते आजही आहेत. त्याच दोब्रीशच्या मागे ब्र्दी नावाचे डोंगर आहेत. तिथे ओढे अडवून पाणथळ जमीन परत आणायची सरकारी योजना परवानग्यांच्या कागदांत वर्षानुवर्षं अडकली होती. २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली, की आठेक बीव्हरांनी नेमक्या हव्या त्या जागी बांध घालून टाकले. खात्याच्या हिशेबानं वाचलेला खर्च तीन कोटी चेक क्राउन.