दोन वह्यांचा मेळ : अंदाजाचा आकडा हिशेबात परत कसा न्यावा

स्मरणिकेसाठी मी धान्याच्या भावावर किंवा मंडीच्या कारभारावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक शिकविले, ती संगणकाची आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला उदयनगरचा घाऊक धान्य व्यापारी. संगणकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. तथापि हिशेबाची वही मी वयाच्या सतराव्या वर्षापासून लिहीत आलो आहे, आणि हा विषय अखेरीस वहीचाच आहे, असे माझे मत झाले आहे.

आज आपल्या बहुतेक पेढ्यांवर दोन वह्या नांदतात. पहिली हिशेबाची. ती पुष्कळ ठिकाणी टॅलीत असते. हे सॉफ्टवेअर १९८६ साली बेंगळुरूस श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी सुरू केले. स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून ते जन्मास आले, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसरी वही अंदाजाची. सोयाबीन किती घ्यावे, बँकेच्या मर्यादेतून किती रक्कम कोणत्या आठवड्यात उचलावी, कोणत्या दुकानदारास किती उधारी द्यावी, हे आता घरची मुले एक्सेलच्या तक्त्यात किंवा त्याहून मोठ्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडतात. एक आकडा बदलला की बाकीचे सर्व आपोआप बदलावेत, ही सोय व्हिजिकॅल्क नावाच्या तक्त्याने १९७९ साली जगास दिली. आजची नियोजनाची सर्व साधने त्याच कुळातील होत.

हिशेबाच्या वहीतून झालेले व्यवहार अंदाजाच्या वहीत न्यायचे, हे सोपे आहे. ठरविलेले आकडे अंदाजाच्या वहीतून परत हिशेबाच्या वहीत लिहायचे, हे अवघड आहे. या दुसऱ्या क्रियेस 'राइट-बॅक' म्हणतात. मी तीस 'परतनोंद' म्हणतो. आपले सी.ए. मात्र 'राइट-बॅक' म्हणजे जुने न फेडलेले देणे उत्पन्नात जमा करणे असा अर्थ करतात. तो विषय निराळा. आमच्या पेढीवर या एका शब्दापायी मुनीमजी आणि माझा पुतण्या तासभर दोन वेगळ्या विषयांवर भांडत होते.

जुन्या पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नसे. रोजमेळातून खतावणी, खतावणीतून तेरीज, तेरजेवरून ताळेबंद, असा आकडा एकाच दिशेने वाहत असे. खतावणी पाहून रोजमेळ दुरुस्त करणाऱ्या गुमास्त्यास माझ्या वडिलांनी पेढीवर उभे केले नसते. परतनोंद म्हणजे प्रवाहाच्या उलट जाणे होय. ते करावे लागते हे खरे. दीडशे-दोनशे दुकानदारांच्या उधारीच्या मर्यादा दर हंगामास बदलायच्या आणि मुनीमजींनी त्या एकेक करून हाताने भरायच्या, तर चुका ठरलेल्याच. परंतु प्रवाहाच्या उलट नाव हाकणाऱ्याने आधी घाट पाहून ठेवला पाहिजे. आम्ही तो पाहिला नव्हता.

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. पुतण्याने नव्या मर्यादांचा तक्ता केला आणि एका रात्रीत हिशेबात उतरविला. आमच्या खात्यांत एकाच नावाचे व आडनावाचे दोन दुकानदार आहेत. एक बागलीकडचा, दुसरा डोंगराच्या बाजूच्या खेड्यातला. तक्त्यातील ओळख केवळ नावाची होती. बागलीकरांची बाकी थकली होती म्हणून मर्यादा कमी करायची होती; ती उतरली दुसऱ्याच्या खात्यावर. दुसरे दिवशी तो गृहस्थ भाड्याची गाडी घेऊन सणाचा माल भरावयास आला. मर्यादा ओलांडल्यामुळे बिल जतन होईना. मी इंदुरास गेलो होतो, मुनीमजी रजेवर होते, आणि गादीवरील मुलाने संगणक जे सांगत होता ते त्यांस सांगितले. तीस वर्षांचा ग्राहक रिकामी गाडी घेऊन परत गेला. रात्री मी त्यांच्या घरी गेलो. ते एवढेच म्हणाले, "शेठजी, उधारी बंद करायची होती तर तोंडाने सांगायचे, पोराकडून नको." माल दुसऱ्या पहाटे माझ्या खर्चाने पोहोचविला, परंतु चार माणसांदेखत त्यांची जी शोभा झाली, तिची भरपाई मला करता आली नाही. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. त्यास आम्ही जे सांगितले तेच त्याने केले.

त्यानंतर पुतण्यास समोर बसवून मी सर्व प्रकरण मुळापासून समजून घेतले. ते येथे देतो.

पहिला प्रश्न, आकड्याचा धनी कोण? आपल्या देवासात तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंपासून दोन गाद्या चालत आल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईतो एकाच गावात दोन दरबार होते. अशा गावात रस्त्यावरच्या दिव्याचे तेल कोणी घालावे, हे ठरलेले नसेल तर एक तर दिवा दोनदा भरला जाईल, नाही तर विझेल. दोन वह्यांचे तसेच आहे. खरेदी, विक्री, जमा, खर्च, शिल्लक माल, पक्षकारांची नावे यांची धनी हिशेबाची वही. अंदाजाच्या वहीने ती पाहावीत, बदलू नयेत. हंगामाचे लक्ष्य, महिन्याचे अंदाजपत्रक, उधारीची मर्यादा यांची धनी अंदाजाची वही. हिशेबात ती कोणी हाताने बदलू नयेत. एका आकड्यास दोन धनी नसावेत. आणि घडलेल्या व्यवहारावर अंदाजाची परतनोंद कधीच करू नये. ज्या महिन्याचे जीएसटी विवरण दाखल झाले आहे, त्यात तर मुळीच हात घालू नये.

दुसरा प्रश्न ओळखीचा. नाव ही ओळख नव्हे. टॅलीत प्रत्येक खात्यास एक न बदलणारा ओळखक्रमांक आतून दिलेला असतोच. तो तक्त्यात घ्यावा, अथवा स्वतःचा क्रमांक ठरवून दोन्हीकडे तोच ठेवावा. मालाचेही असेच. आमच्याकडे सोयाबीन तीन प्रकारे लिहिलेले सापडले. त्याहून नाजूक गोष्ट कराची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या डाळी-धान्यावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुटी चणाडाळ आणि लेबल लावलेली वीस किलोची थैली दिसावयास एकच डाळ. हिशेबात त्या दोन जिनसा आहेत. त्या एका नावाखाली आल्या तर परतनोंद कराचाही घोटाळा करील.

मापाचा आणि काळाचा मेळ हा भाग सर्वांत अधिक वेळ खातो. मंडीचा भाव क्विंटलचा, गोदामातील गणती पोत्यांची, किरकोळ बिल किलोचे. तक्त्यात 'शंभर' लिहिले तर शंभर काय? प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर माप लिहिल्यावाचून आमच्याकडे आता एकही तक्ता चालत नाही. काळाचे तर विचारूच नये. आपले वहीपूजन दिवाळीत, वीर निर्वाण संवत बदलतो कार्तिक शुद्ध प्रतिपदेस. आणि आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपते. त्यात धान्याचा व्यापार चालतो हंगामाने. गव्हाची आवक मार्चमध्ये सुरू होते, आणि मंडीत ट्रॉल्यांची रांग लागलेली असतानाच १ एप्रिल उजाडतो. म्हणजे गव्हाच्या एका हंगामाचा अंदाज हिशेबाच्या दोन वर्षांत तोडून घालावा लागतो. हे तोडणे आधीच ठरवून ठेवावे. सॉफ्टवेअरवर सोपवू नये.

तोडण्यावरून आणखी एक. अंदाज मोठ्या आकड्यात होतो, नोंद लहान आकड्यांत करावी लागते. १००० क्विंटल सोयाबीन तीन महिन्यांत सारखे वाटले तर प्रत्येकी ३३३.३३ येते, आणि बेरीज होते ९९९.९९. एक किलो सोयाबीन कोठे गेले? मुनीमजींनी हा प्रश्न विचारला तेव्हा पुतण्या हसला. मी हसलो नाही. शंभर जिनसा आणि दोनशे पक्षकार झाले की अशा किलो-किलोने तेरीज जुळेनाशी होते. यास्तव उरलेली बाकी कोणत्या महिन्यात टाकायची हे ठरलेले असावे, आणि पाठविण्यापूर्वी वाटलेल्या आकड्यांची बेरीज मूळ आकड्याशी ताडून पाहावी. सारखे वाटण्यापेक्षा गतवर्षीच्या आवकेच्या प्रमाणात वाटणे अधिक शहाणपणाचे, हे धान्यवाल्यांस सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष जोडणी. टॅलीतील माहिती बाहेर वाचण्यासाठी ओडीबीसी नावाची खिडकी आहे. परंतु ती वाचण्यापुरतीच. आत लिहावयाचे असेल तर एक्सएमएल नावाच्या ठराविक मसुद्यात मजकूर देता येतो. तो फाइल करून आत घेता येतो, किंवा एक सॉफ्टवेअर दुसऱ्यास थेट सांगते. त्यासाठीचा दरवाजा सामान्यतः ९००० या क्रमांकाचा असतो. मजकूर पोहोचला की टॅली उत्तर देते : किती नव्या नोंदी झाल्या, किती बदलल्या, किती सोडून दिल्या, किती चुकल्या. हे उत्तर म्हणजे मालाची पोच होय. दोनशे मर्यादा पाठविल्या आणि एकशे अठ्ठ्याण्णव बदलल्या असे उत्तर आले, तर ते दोन कोण, हे त्याच दिवशी शोधावे. नव्या नोंदी झाल्या असे उत्तर आले तर अधिकच सावध व्हावे. बदल करावयास गेलो असता नवे खाते निर्माण झाले, याचा अर्थ ओळख जुळलेली नाही.

पाठविताना वीज गेली, उत्तर आले नाही, म्हणून पुन्हा पाठविले, असे आपल्याकडे नित्य होते. मर्यादा दोनदा लिहिली तर बिघडत नाही. ती तीच राहते. परंतु 'मर्यादेत दहा हजारांची वाढ करा' असे पाठविले तर दोनदा वीस हजार वाढतील. म्हणून पाठवावयाचे ते अंतिम आकड्यात, वाढ-घटीत नव्हे. आणि प्रत्येक पाठवणीस अनुज्ञापत्रासारखा स्वतंत्र क्रमांक द्यावा. त्याच क्रमांकाची पाठवणी पुन्हा आली तर ती नाकारली जावी.

दुसरी अडचण शिळ्या आकड्याची. पुतण्याने सकाळी दहास माहिती घेतली, बारा वाजता मुनीमजींनी खात्यात काही बदलले, दोन वाजता परतनोंद झाली. मुनीमजींचे काम पुसले गेले. टॅलीत प्रत्येक बदलाबरोबर नोंदीस नवा, चढता क्रमांक मिळतो. माहिती घेतानाचा क्रमांक आणि लिहितानाचा क्रमांक एकच असेल तरच लिहावे. भिन्न असेल तर थांबून माणसास विचारावे.

आमच्या पेढीवर आता परतनोंद शनिवारी संध्याकाळी, गादी उठल्यावर होते. प्रथम हिशेबाची नक्कल काढून तीवर करून पाहतात, मग मूळ हिशेबाची प्रत सुरक्षित ठेवून त्यात. पाठविणारा पुतण्या, मंजुरी देणारे मुनीमजी. दोघांची परवलीची अक्षरे वेगळी. कोणी, केव्हा, जुना आकडा कोणता, नवा कोणता, याची नोंद राहते. ज्या सभासदांनी कंपनी स्थापन केली आहे, त्यांस १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या वर्षापासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी बदलांची नोंद ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आमची पेढी मालकीची; आम्हांस बंधन नाही. तरी आम्ही ठेवतो.

कोणत्या आकड्याचा धनी कोण, याचा आमचा तक्ता एका फुलस्केप कागदावर मावला. तो तिजोरीशेजारी भिंतीवर लावला आहे. मर्यादा कमी झालेल्या दुकानदारांची यादी सोमवारी सकाळी माझ्याकडे येते, आणि त्यांतील प्रत्येकास फोन मी स्वतः करतो.