आठचे क्रमगुणित उणे कसे?

१ पासून ८ पर्यंतचे आकडे गुणत गेले की ४०३२० येतात. टर्बो सी हा सी भाषेचा जुना कंपायलर मात्र −२५२१६ असे उत्तर देई. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कॉलेजांत ज्यांनी त्या निळ्या पडद्यासमोर प्रॅक्टिकल केली, त्यांना हा चमत्कार आठवत असेल. कंट्रोल-एफ९ दाबून प्रोग्रॅम चालवायचा, ऑल्ट-एफ५ दाबून उत्तर पाहायचे आणि चूक आपलीच समजून पुन्हा ओळ अन् ओळ तपासायची.

कारण अगदी साधे. बोरलँड कंपनीचा टर्बो सी आला १९८७मध्ये, डॉसच्या काळात. त्याचा ‘इंट’ हा पूर्णांकांचा प्रकार १६ बिटांचा, म्हणून ३२७६७पर्यंतच मजल. त्यापुढे आकडा मावत नाही आणि ६५५३६ वजा होऊन उणे बाजूला जातो. गंमत म्हणजे ‘इंट’ १६ बिटांचा ठेवण्यात कंपायलर नियम मोडत नाही. सी भाषेचे प्रमाण किमान तेवढीच हमी मागते. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडवलेली ही भाषा यंत्रागणिक थोडी बदलू दिलेली आहे.

त्याच १९८७मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा मोफत कंपायलर जीसीसी आला. आजच्या संगणकांवर त्याचा ‘इंट’ ३२ बिटांचा असतो. तो ८ला अडत नाही, १२पर्यंत बरोबर येतो आणि १३ला फसतो. तिथे उत्तर १९३२०५३५०४ असे अधिक चिन्हाचे येते, म्हणून ही चूक जास्त लबाड! असे आकडे ‘लाँग लाँग’ या मोठ्या प्रकारात ठेवावेत.

६४ बिटांच्या विंडोजवर टर्बो सी थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये बसवावा लागतो. जुने ग्राफिक्सचे प्रोग्रॅम जसेच्या तसे पाहायचे तर हा खटाटोप ठीक. शिकायला मात्र जीसीसी किंवा क्लँगच घ्यावा. जुनी शिस्त हवी असेल तर ‘-एसटीडी=सी८९’ हा पर्याय द्यावा आणि ‘-वॉल’ लावून इशारे वाचावेत. टर्बो सीमुळे लागलेली ‘व्हॉइड मेन’ आणि ‘क्लिअरस्क्रीन’ची सवय सोडायला दोन दिवस लागतात.

घाटकोपरहून फार लांब नसलेल्या पवईत, आयआयटी मुंबईत, प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. तिथे जीसीसी नुसता वापरत नव्हते, त्याचे पोट उघडून आत काय चालते तेही शिकवत.