घाटरस्ता, ब्रेक पॅड आणि नात्यातील सल्ला

महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या कुटुंबाला घाट चुकत नाही. पुण्याला निघावे तर वरंधा किंवा ताम्हिणी, महाबळेश्वर-साताऱ्याकडे आंबेनळी, खेड-चिपळूणकडे कशेडी. कशेडीला बोगदा झाल्यापासून तेथील प्रवास बराच सुसह्य झाला आहे. आंबेनळीची वळणे मात्र होती तशीच आहेत. मालाची खरेदी, वसुली, लग्नकार्य, चातुर्मासातील दर्शन, पुण्यात शिकणाऱ्या मुलांची ने-आण, अशा प्रत्येक निमित्ताने गाडी घाटात जाते. आणि प्रत्येक कुटुंबात एक गृहस्थ असा असतो की, ज्याला सगळे नातेवाईक गाडीविषयी विचारतात. तो गाड्यांच्या धंद्यात असतोच असे नाही. चार वाहने हाताखालून गेलेली असतात, मिस्त्रीशी ओळख असते, एवढे पुरते. हा लेख प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे.

फोन साधारण असा येतो : “मामा, पुढचे पॅड बदलायला सांगितले आहेत. कंपनीचे घेऊ की बाहेरचे? किमतीत जवळजवळ निम्म्याचा फरक आहे.” आपण व्यापारी माणसे, किमतीचा शब्द कानावर पडताच मन तिकडेच वळते. परंतु पहिला प्रश्न किमतीचा नसावा. गाडी कोठे चालते, किती माणसे घेऊन चालते, हे आधी विचारावे. कोथरूड ते कॅम्प एवढीच फिरणारी गाडी आणि महिन्यातून दोनदा पाच माणसे व डिकीभर सामान घेऊन आंबेनळी उतरणारी गाडी, यांना एकच उत्तर देता येत नाही.

त्याचे कारण हिशेबाने पाहू. महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंतच्या सुमारे चाळीस किलोमीटरांत गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते. माणसांसह गाडीचे वजन १५०० किलो धरले, तर या उतारात जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, तिच्यात पन्नास लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. काही भाग वारा आणि इंजिन घेते, हे खरे. पण गिअर न उतरवता सतत पेडलवर पाय ठेवून येणारा चालक त्यातील मोठा वाटा चार चाकांच्या ब्रेकवर, त्यातही पुढच्या दोन चाकांवर टाकतो. तापलेल्या पॅडची पकड कमी होते. पेडल तितकेच घट्ट लागते, पाय तितकाच दाबतो, पण गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याने बनवलेली गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत नेली, तेव्हा उतारावर लाकडी ब्रेक झिजले आणि त्यांनी वाटेतील चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज चामड्याची गरज उरलेली नाही, ही आपल्या वाचकांना समाधानाचीच बाब वाटेल.

आता ‘कंपनीचे’ आणि ‘बाहेरचे’ यांविषयी. गाडी बनवणारी कंपनी पॅड सहसा स्वतः बनवत नाही. ते ब्रेकचे सामान करणाऱ्या कारखान्यांकडून येतात आणि त्यांपैकी काही कारखाने स्वतःच्या नावाच्या खोक्यातही पॅड विकतात. खोक्यावरचे नाव बदलले की भाव कसा बदलतो, हे आपल्या वाचकांना समजावण्याची आवश्यकता नाही. तेव्हा ‘बाहेरचे’ म्हणजे हलकेच, असे नव्हे. मात्र कारखाना एक म्हणून मिश्रणही एकच, असे गृहीत धरू नये. अनेक पॅडच्या कडेला किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत छापलेला असतो. पहिले अक्षर सामान्य तापमानातील पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ असा संकेत असेल, तर तापल्यावर पकड एक पायरी उतरते. घाटाच्या गाडीला मी तो घेऊ देत नाही. या अक्षरांवरून पॅड किती दिवस टिकेल ते मात्र कळत नाही.

ज्या खोक्यावर ना निर्मात्याचे पूर्ण नाव ना पार्ट नंबर, आणि ज्याचे बिल दुकानदार देत नाही, तो पॅड फुकट मिळाला तरी नको. येथे नात्याचा संकोच आडवा येतो. दुकान कधी मेहुण्याच्या मित्राचे असते, कधी आपल्याच भावकीतले. अशा वेळी माल वाईट आहे असे न म्हणता, “बिलावर पार्ट नंबर लिहून द्या” एवढेच सांगावे. चांगला दुकानदार आनंदाने देतो.

सल्लागाराची खरी परीक्षा मोबाइलवर आलेल्या छायाचित्राने होते. भाचा चाकाच्या फटीतून फोटो काढून पाठवतो. पॅड पाच-सहा मिलिमीटर दिसतो आणि मामा “अजून पावसाळा निघेल” असा निर्वाळा देतात. पण त्या फोटोत बाहेरचा पॅड दिसतो. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या असतील, तर आतला पॅड त्याआधीच पत्र्यापर्यंत झिजलेला असू शकतो. म्हणून चाक उतरवून, आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड शेजारी ठेवून, जवळ मोजपट्टी धरून फोटो मागवावा. नव्या पॅडचे घर्षणद्रव्य साधारण दहा मिलिमीटर असते. तीनवर आले की बदलायचेच. घाटातील गाडीला पावसाळ्यापूर्वी चार उरले असतील, तरी मी बदलायला सांगतो. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, पिना साफ करून योग्य ग्रीस लावून घ्यावे आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी मोजून पाहावी. नव्या पॅडची पकड बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. सकाळी पॅड टाकून दुपारी महाबळेश्वर गाठण्याचा बेत असेल, तर तो पुढे ढकलायला सांगावे, घरातील मंडळी रागावली तरी.

जुलै २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांबाबत ही पिनांची तपासणी अधिकच काटेकोर हवी. वापरलेली गाडी नात्यात कोणी घेत असेल, तर ती पाण्यात होती का, हे आधी विचारावे. मागच्या ड्रममध्ये शिरलेला गाळ बाहेरून दिसत नाही.

पॅडच्या चर्चेत ब्रेक ऑइल हमखास विसरले जाते. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषते आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले, तर नळ्यांत वाफ होते आणि पेडल पोकळ होऊन तळाशी जाते. उत्तम पॅडही मग उपयोगाचा नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा खर्च पॅडच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणारे काका अजूनही भेटतात. इंजिन बंद झाले की ब्रेक बूस्टरची मदत दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते. पोलादपूरला पोहोचल्यावर गाडी थांबवून, डिस्कला स्पर्श न करता, प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन पाहावे. पुढच्या दोन चाकांपैकी एकाचीच धग खूप जास्त जाणवली, तर कॅलिपर अडकत आहे. मिस्त्रीकडे जाताना चाक कोणते ते लक्षात ठेवावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकडी होते.