भयाची मात्रा

उन्हाळ्यात भोरजवळच्या भाटघर धरणाचं पाणी ओसरत गेलं की वेळवंड खोऱ्यातलं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. आधी कळस, मग भिंती. वर्षातले बहुतेक महिने ते १९२०च्या दशकात पुऱ्या झालेल्या या धरणाच्या पोटात असतं. भूतकथेला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

पाण्याकाठच्या गावांत साती आसरा या जलदेवतांचा दरारा जुना आहे. शेंदूर फासलेले सात तांदळे, हिरव्या बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य. आणि पोरांना ताकीद, की भर दुपारी डोहाकडे फिरकायचं नाही. यामागची भीती खरी आहे. धरणाचा काठ एकाएकी खोल होतो, गाळात पाय रुततो. भाटघरच्या पाण्यात बुडून माणसं गेल्याच्या बातम्या आजही येतात. पोहायला जाऊ नको म्हणून दहादा बजावलं तरी न ऐकणारं पोर आसरांचं नाव काढताच थबकतं.

पण हा नुसता धाक असता, तर तेच पोर रात्री आजीला चिकटून 'अजून एक सांग' म्हणालं नसतं. हवीहवीशी वाटणारी ही भीती डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मोजून पाहिली. तिथल्या एका भुताटकीच्या खेळघरात शिरणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके त्यांनी नोंदवले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: भीती फार कमी असली तर कंटाळा येतो, फार झाली तर जीव नकोसा होतो, खरी मजा मधल्या पट्ट्यात. आपल्या नाट्यशास्त्रानं भयानकाला रसांच्या पंगतीत बसवलं, तेही भयाची चव घेता येते हे ओळखूनच.

भयकथाकार नारायण धारपांना ही मात्रा अचूक साधली होती. ओळखीचं घर, साधी नोकरदार माणसं, आणि त्यात हळूच शिरणारं काहीतरी अभद्र. त्यांनी अभद्राला तोंड देणारं 'समर्थ' हे पात्र घडवलं, ही मला त्यांची मोठी करामत वाटते. पाठीशी समर्थ आहेत म्हटल्यावर वाचक कितीही अंधारात उतरायला तयार होतो. त्यांच्या 'आजी' या कथेचा अंश 'तुंबाड'मध्ये आहे. २०१८च्या या चित्रपटातला वाडा भोरच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यात, सासवडला आहे. रत्नाकर मतकरींची गूढकथा मात्र असा दिलासा देत नाही. तिथं भूत बहुधा माणसाच्या मनातच दबा धरून असतं.

चित्रकथेत ही मात्रा थेट वाचकाच्या हाती येते. थिएटरात पडदा थांबत नाही. पानावरची नजर थांबते. 'चांदोबा'त शंकर यांनी काढलेलं विक्रम-वेताळाचं चित्र आठवून पाहा: राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. भित्र्या मुलानं प्रेतावर तळवा ठेवायचा आणि खालची गोष्ट वाचायची. धीर आला की बोटं फाकायची. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम मराठीत वेताळच झाला. कवटीच्या गुहेत राहणारा आणि दुष्टांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारा हा वेताळ मुलांच्या बाजूचा होता. ज्याला भ्यायचं, तोच पाठीराखा झाला.

इतकं असूनही आपली गावाकडची भुतं चित्रकथेत फारशी उतरली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. चकव्याचीच गोष्ट घ्या. रात्री वेल्ह्याच्या वाटेनं निघालेला माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच बाभळीशी येतो. ही गोष्ट सांगताना 'परत तीच बाभळ' एवढंच म्हणता येतं. चित्रकार मात्र तीच चौकट पुन्हा काढील. तीच वाट, तेच झाड. फक्त दुसऱ्या खेपेला माणसाच्या हातातला कंदील विझलेला, आणि तिसऱ्या खेपेला पायांच्या ठशांच्या दोन रांगा. माणसाला त्या दिसायच्या आत वाचकाला दिसतात, आणि पान उलटायचं की नाही हे त्यालाच ठरवावं लागतं.