पोर्तू अलेग्रीतील सहभागी अर्थसंकल्प

पोर्तू अलेग्रीतील सहभागी अर्थसंकल्प ही ब्राझील देशाच्या रियो ग्रांदे दो सुल राज्याची राजधानी असलेल्या पोर्तू अलेग्री शहरात १९८९ साली सुरू झालेली नगर-अर्थसंकल्पाची पद्धत आहे. शहराच्या भांडवली खर्चातून कोणती कामे आधी व्हावीत आणि ती कोणत्या भागात व्हावीत, हे या पद्धतीत रहिवाशांच्या सभांमधून ठरते. पुढे जगातील अनेक शहरांनी ती आपापल्या परीने स्वीकारली.

पार्श्वभूमी

ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने नगरपालिकांना अधिक अधिकार व महसुलाचा अधिक वाटा दिला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत कामगार पक्षाचे ओलिव्हियो दुत्रा पोर्तू अलेग्रीचे महापौर म्हणून निवडून आले. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये पाणी, सांडपाणी वाहिन्या व पक्के रस्ते यांचा अभाव होता आणि वस्त्यांच्या संघटना अर्थसंकल्पात सहभागाची मागणी करीत होत्या. मात्र महसुलाचा बहुतेक भाग वेतनावर खर्च होत असल्याने नव्या कामांना पैसा उरत नसे. पहिल्या सभांत मागण्या पुष्कळ आल्या, पण कामे झाली नाहीत आणि पुढील सभांची उपस्थिती घटली. मालमत्ता कराच्या फेररचनेनंतर निधी वाढला, मान्य झालेली कामे प्रत्यक्षात दिसू लागली आणि लोक सभांकडे परतले.

कार्यपद्धती

शहराचे १६ विभाग करण्यात आले. प्रत्येक विभागाच्या खुल्या सभेत कोणताही रहिवासी भाग घेऊ शकतो. प्रथम प्रशासन मागील वर्षीच्या कामांचा हिशेब देते. त्यानंतर विभाग आपला प्राधान्यक्रम ठरवतो व प्रतिनिधी निवडतो. १९९४ पासून वाहतूक, आरोग्य, शिक्षण अशा संपूर्ण शहराशी संबंधित विषयांसाठी स्वतंत्र सभा सुरू झाल्या. प्रत्येक विभागाचे व विषयसभेचे दोन सदस्य अर्थसंकल्प परिषदेवर जातात. प्रशासनाचे प्रतिनिधी परिषदेत बसतात. त्यांना मताधिकार नसतो. परिषदेच्या सहभागाने तयार झालेला अर्थसंकल्प अंतिम मंजुरीसाठी निर्वाचित नगरसभेपुढे ठेवला जातो.

निधीवाटपाचे सूत्र

केवळ मागणीच्या जोरावर निधी वाटल्यास सुसंघटित वस्त्यांना झुकते माप मिळते. हे टाळण्यासाठी तीन निकष लावले जातात: विभागाने दिलेला प्राधान्यक्रम, त्या सेवेची उणीव आणि लोकसंख्या. प्रत्येक निकषावर विभागाला गुण मिळतात आणि निकषाच्या भारांकाने ते गुणले जातात. पहिल्या पसंतीच्या कामाला ४, तर चौथ्या पसंतीच्या कामाला १ गुण मिळतो. उदाहरणार्थ, फरसबंदी ही दोन विभागांची पहिली पसंती असली, तरी लोकसंख्या सारखी असताना ज्या विभागात कच्चे रस्ते अधिक आहेत त्याला अधिक निधी मिळतो. सूत्र आधीच जाहीर असल्याने आपल्या विभागाला किती व का मिळाले, हे रहिवाशांना तपासता येते.

परिणाम व मर्यादा

पाणी व सांडपाणी जोडण्या असलेल्या कुटुंबांचे प्रमाण १९८८ मधील ७५ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ९८ टक्क्यांवर गेल्याचे जागतिक बँकेने नमूद केले आहे. हे श्रेय एकट्या या पद्धतीला देता येत नसले, तरी उपेक्षित वस्त्यांकडे निधी वळण्यात तिचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. दुसरीकडे, वेतन व दैनंदिन खर्च सभांच्या कक्षेबाहेर राहतात, तसेच लहान स्थानिक कामांमुळे दीर्घकालीन नियोजन मागे पडते, अशी टीका झाली. या पद्धतीचे यश महापौरांच्या इच्छाशक्तीवर अवलंबून राहिले. २००४ च्या निवडणुकीत कामगार पक्षाची सत्ता गेल्यावर तिचे महत्त्व ओसरले आणि २०१७ साली सभांचे चक्र स्थगित झाले.

महाराष्ट्रातील प्रयोग

पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांकडून आपल्या भागातील कामांच्या सूचना मागवण्यास प्रारंभ केला. पदपथ, दिवे, बसथांबे यांसारखी लहान कामे नागरिक अर्जाद्वारे सुचवतात. मात्र अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकार कायद्याने स्थायी समिती व सर्वसाधारण सभेकडेच आहे. पोर्तू अलेग्रीतही अंतिम मंजुरी नगरसभेचीच असते. परंतु तेथे रहिवासी सूचना करून थांबत नाहीत, तर प्राधान्यक्रम ठरवतात आणि पुढील सभेत त्याचा हिशेब मागतात.