भिंतीवरची गोधडी

गोधडी अंगावर घ्यावी, खाली अंथरावी, तान्ह्या बाळाला तिच्यात गुंडाळावं. ती भिंतीला टांगावी हे आपल्या आज्यांना पटलं नसतं. इतके कष्ट घेऊन शिवलेली वस्तू पांघरायची नाही तर करायचं काय, असंच त्यांनी विचारलं असतं. तरीही रास अल खैमातल्या मराठी बिऱ्हाडात गोधडीची आणि तिच्यावर भरलेल्या कशिद्याची खरी जागा आता भिंतीवर आहे, असं मला वाटतं. आणि ती भिंतीवर चढावी, चांगली चढावी, म्हणून हा लेख.

रास अल खैमा हे संयुक्त अरब अमिरातींतलं सगळ्यांत उत्तरेचं संस्थान. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हजर पर्वत, आणि त्यातला जेबेल जैस १,९३४ मीटर उंच. पूर्वी इथलं जगणं मोती, खजूर आणि मासे यांवर चालायचं. मोती मुंबईच्या बाजारात जात, आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, मसाले, कापड येई. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर व्यवहारही रुपयांत होत. मग सिमेंटचे कारखाने आले, १९८० मध्ये जुल्फार ही औषध कंपनी आणि १९८९ मध्ये फरशा बनवणारी रॅक सिरॅमिक्स स्थापन झाली. आखातातल्या अशा कारखान्यांच्या, बंदरांच्या आणि बांधकामांच्या ओढीने आपल्याकडचे इंजिनियर, केमिस्ट, हिशेबनीस इकडे आले आणि त्यांच्यामागून त्यांची बिऱ्हाडं आली.

बिऱ्हाड म्हणजे भाड्याचा फ्लॅट. भिंती पांढऱ्या, कोऱ्या आणि दुसऱ्याच्या मालकीच्या. खिळा ठोकायचा तर आधी विचारावं लागतं. नोकरी बदलली की घर बदलतं, कधी देशही बदलतो. काचेची फ्रेम अशा हलवाहलवीत टिकत नाही. कापड टिकतं. ते गुंडाळून बॅगेत जातं आणि पुढच्या घरी तासाभरात पुन्हा भिंतीवर असतं.

दुसरं कारण कपाटात आहे. आपल्याकडे जुन्या साडीला दोनच वाटा होत्या, बोहारीण किंवा गोधडी. बोहारणीशी घासाघीस करून स्टीलचं पातेलं घ्यायचं, नाहीतर मऊ झालेली सुती लुगडी बाजूला ठेवायची आणि पाऊस उघडला की गोधडी शिवायला घ्यायची. इथे बोहारीण येत नाही. आईची इरकल, सासूबाईंची नारायणपेठी, स्वतःच्या डोहाळजेवणाची साडी अशा साड्या वर्षानुवर्षं बॅगेच्या तळाशी राहतात. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. घड्यांवर विरून त्या फाटतात, तेव्हा त्यांचं काहीच करता येत नाही. त्याआधी त्यांना सुई लागली पाहिजे.

गोधडीची रचना साधी असते. वरचं पान, मधला भर, खालचं अस्तर. भराला जुनी धोतरं, पातळं, विटलेल्या चादरी. वरच्या पानावर ठिगळं, आणि हे सगळे थर एकत्र धरून ठेवणारा एकच टाका, धावदोरा. जमिनीवर कापड पसरून, चारी कडा दुमडून, काठापासून आत आत फिरत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. चौकट लहान होत मध्यावर मिटते. हातात ना फ्रेम, ना मोजपट्टी. ओळ किंचित वाकते, पुढची ओळ तिला सावरून घेते, आणि त्या हलत्या ओळींमुळे कापडावर लाटा उठल्यासारखा पोत येतो. मशीनच्या शिवणीत तो येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भिंतीवर लावायची गोधडी मशीनवर शिवू नये. तुकडे जोडायला मशीन घेतलं तर एकवेळ चालेल, पण वरचा धावदोरा हातचाच हवा. भिंतीवर बघायला तोच तर असतो.

मराठी घराला भिंतीवर भरतकाम लावणं काही नवं नाही. लग्नाच्या रुखवतात मोत्यांच्या तोरणाशेजारी नवरीने स्वतः भरलेले राजहंस, मोर आणि ‘सुस्वागतम्’ असायचेच, आणि लग्नानंतर ते बैठकीच्या खोलीत लागायचे. सोलापूर-कोल्हापूरकडच्या घरांत कर्नाटकी कशिदा माहीत होता. धारवाडकडचं हे काम कापडाचे धागे मोजून, आधी काही न रेखाटता करतात. त्यात गाठ मारत नाहीत. गवंती आणि मुरगी हे त्याचे दोन टाके असे आहेत की उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन या आकृत्या इरकलीच्या पदराजवळ उमटत. गोधडी आणि कशिदा एकाच घरातल्या बायका करत, पण दोन्ही कामं फार क्वचित एकत्र आली, कारण एक काम चिंध्यांचं आणि दुसरं कौतुकाचं मानलं गेलं. भिंतीवरच्या तुकड्यात हा भेद मोडता येतो. जुन्या लुगड्याच्या ठिगळावर वृंदावन भरलं की दोन्हींची किंमत वाढते.

ठिगळांच्या कामाकडे चित्र म्हणून पाहायला जगालाही वेळ लागला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या गोधड्या पलंगावरून उचलून चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, आणि त्या प्रदर्शनाने बघणाऱ्यांची नजर बदलली. अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या. आपल्या शेजारचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे हे वंशज. कवंदीही कोपऱ्यापासून सुरू होऊन काठाने फिरत मध्याकडे येते, मात्र तुकडे आधी जोडून घेत नाहीत. एकेक ठिगळ दुमडून ठेवत, शिवत पुढे जातात. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. हेन्री ड्रेवाल या अमेरिकी अभ्यासकाच्या साथीने तिथल्या बायकांनी २००४ मध्ये आपली सहकारी संस्था काढली, आणि कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांपर्यंत गेल्या. माझ्या मते भिंतीवरचं काम शिकणाऱ्याने पहिला नमुना कवंदीचाच घ्यावा. त्यात कोन जुळवायची धास्ती नसते आणि रंगांना मोकळीक मिळते.

रास अल खैमात बसून हे काम करताना इथल्या बायकांच्या हातांकडेही बघायला हवं. तल्ली ही अमिराती बायकांची घरगुती कला. काजूजा नावाच्या धातूच्या बैठकीवर गोल उशी ठेवलेली असते. तिच्यावर सुती-रेशमी धागे आणि चांदी-सोन्यासारखी झळाळणारी पातळ पट्टी अडकवून, रिळं इकडून तिकडे टाकत अरुंद पट्टा गुंफत जातात. तो पट्टा मग पोशाखाच्या गळ्याला, बाह्यांना, सलवारीच्या तळाला शिवतात. आयांनी मुलींना शिकवत ही कला राखली, आणि युनेस्कोने २०२२ मध्ये ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. बेदुइन लोकांची सदू विणकामाची कला तर २०११ मध्येच तातडीने जपायच्या यादीत गेली होती. इथला जुना किल्ला १९६४ पर्यंत राजघराण्याचं निवासस्थान होता आणि १९८७ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे जाऊन या भागातलं जुनं जगणं बघून यावं. आपल्या ठिगळांत तल्लीचा एखादा पट्टा शिवला, तर या गावात काढलेली वर्षंही त्या कापडात येतात.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. पहिला तुकडा दोन फूट रुंद, तीन फूट लांब, याहून मोठा नको. साड्या आधी कोमट पाण्यात भिजवून पाहाव्यात. लाल आणि काळ्या सुताचा रंग सुटला तर शेजारचं पांढरं ठिगळ कायमचं जातं. खण आणि सुती इरकल उत्तम. पैठणी किंवा जुना जरीचा काठ वापरायचाच तर त्याच्या मागे मलमलचा आधार शिवावा, कारण विरलेलं रेशीम स्वतःचं वजनही पेलत नाही. सगळ्या ठिगळांचे उभे धागे उभेच ठेवावेत. तिरपं कापलेलं कापड टांगल्यावर ओघळतं, महिन्याभरात खालची कड वाकडी होते. भर पातळ हवा, एखादं धोतर पुरे. इथे ऊब द्यायची नाही, सरळ लोंबायचं आहे.

नक्षी उतरवायची आपली जुनी रीत अजून सर्वांत चांगली. पातळ कागदावर चित्र काढून रेषेवर सुईने टोचे मारायचे आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची. भरायच्या दोऱ्याची लडी आठ मीटरची, सहा पदरी. जवळून बघायच्या रुमालाला दोन पदर लागतात, भिंतीवर लांबून बघायच्या कामाला तीन किंवा चार घ्यावेत. बाह्यरेषेला देठटाका, भरायला साखळी, ठिगळाच्या कडेला काजटाका. एवढे तीन नीट आले की बहुतेक चित्रं भरता येतात. इथल्या कंदुरा आणि अबाया शिवणाऱ्या दुकानांत कात्रणं उरतात, ती मागून घ्यावीत. अबायाचं काळं कापड गडद पार्श्वभूमीला चांगलं दिसतं.

अस्तराला वरच्या बाजूने चार इंच रुंद पोकळ पट्टी शिवून तिच्यात लाकडी दांडी घालावी. वजन सगळ्या रुंदीवर सारखं पडतं. कापडाला थेट चिमटे लावले की तिथेच ते फाटतं. खिडकीसमोर लावू नये, इथलं ऊन दोन उन्हाळ्यांत किरमिजीचा गुलाबी करतं. एसीच्या झोताखाली नको, समुद्राकडच्या दमट भिंतीलाही नको. शमाल वारा सुटला की घरात बारीक धूळ येते. तेव्हा तुकडा उतरवून मागच्या बाजूने हलक्या हाताने झटकावा.

एक मर्यादाही पाळावी. आजीने शिवलेली गोधडी जवळ असेल तर तिला कात्री लावू नये. ती आहे तशीच, पोकळ पट्टी शिवून टांगावी. कात्री लावायची ती नुसत्या साड्यांना.

आणि शेवटची विनंती. गोधड्या शिवणाऱ्या बायकांची नावं आपल्याकडे कुठेच लिहिलेली नाहीत. संग्रहात ठेवलेल्या गोधड्यांखालीही बहुतेकदा फक्त जिल्हा असतो. तुमचा तुकडा पुरा झाला की अस्तराच्या कोपऱ्यात तुमचं नाव, गाव, साल आणि साडी कुणाची होती ते लिहा. पेनने लिहू नका, धुण्यात जाईल. दोन पदरी दोऱ्याने, साखळी टाक्याने भरा.