'विंडोज आहे का?' असं विचारू नका, 'कोणती आहे?' ते दोन मिनिटांत स्वतः बघा



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारतो, "तुमच्या संगणकात कोणती विंडोज आहे?" उत्तरं ठरलेली असतात. एक दादा म्हणतात, "डेलची." एक ताई म्हणतात, "२०१६." कोणी म्हणतं, "नवीनवाली आहे सर, भाच्याने टाकून दिली." यातलं एकही उत्तर माझ्या प्रश्नाचं नाही. डेल ही संगणकाची कंपनी. २०१६ हे बहुतेक वेळा वर्ड-एक्सेलवालं ऑफिस असतं. ते वेगळं सॉफ्टवेअर आणि त्याचा आकडाही वेगळा. आणि भाच्याने काय टाकलं, ते भाच्यालाच माहीत.

हसू नका, मी स्वतः यात पैसे घालवलेत. म्हणूनच हा व्हिडिओ केला. व्हिडिओत जे भरभर दाखवलं, ते इथे सावकाश लिहितोय, म्हणजे दुकानात उभं राहूनसुद्धा मोबाईलवर वाचता येईल.

माझी साडेनऊ हजारांची शिकवणी

वर्गासाठी मी एक जुना संगणक घेतला होता. विकणाऱ्याला विचारलं, "विंडोज आहे ना?" तो म्हणाला, "आहे ना सर, सगळं चालतं." स्क्रीनवर छान निळं चित्र, चकचकीत आयकॉन. साडेनऊ हजार दिले आणि घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी बॅचसमोर लेबल प्रिंटर जोडून मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल छापून दाखवायचं होतं. ड्रायव्हर टाकायला गेलो तर संदेश आला की हे सॉफ्टवेअर या विंडोजवर चालणार नाही. आत होती विंडोज ७, तीही ३२ बिट. वरून फक्त नव्याचं रूप चढवलेलं. सगळी बॅच बघत बसली आणि मी घाम पुसत बसलो.

परत गेलो तर तो म्हणाला, "तुम्ही विचारलं विंडोज आहे का. आहेच की." खोटं तो बोललाच नव्हता. प्रश्नच माझा चुकला होता.

आपल्याकडे स्टेशनवर उतरून पाहुण्याने फोन केला की "जालन्यात आलोय, कुठं येऊ?" तर नुसतं 'जालना' सांगून भागतं का? नवीन जालना की जुना, कुंडलिकेच्या अलीकडे की पलीकडे, कोणता चौक, कोणती गल्ली, सगळं सांगावं लागतं. विंडोजचंही तसंच आहे. 'विंडोज' हे नुसतं गावाचं नाव झालं. पत्ता पुढेच आहे.

पूर्ण पत्ता म्हणजे पाच गोष्टी

१. पिढी: ७, ८.१, १० की ११. (८ नंतर थेट १० आली. 'विंडोज ९' कोणी विकत असेल तर तिथून निघा.)

२. प्रकार: होम की प्रो. घरगुती आणि छोट्या दुकानाच्या कामाला होम पुरते. पण घरून दुकानाच्या संगणकात विंडोजच्या स्वतःच्या 'रिमोट डेस्कटॉप' सोयीने शिरायचं असेल, तर दुकानातल्या संगणकावर प्रो लागते.

३. आवृत्ती आणि बिल्ड: एकाच पिढीत दरवर्षी होणारे बदल. २२एच२ याचा अर्थ २०२२ सालचा दुसरा सहामाही. जुन्या आवृत्त्यांना साल-महिना असायचा, म्हणजे १९०३ याचा अर्थ २०१९ चा तिसरा महिना.

४. ३२ बिट की ६४ बिट.

५. ॲक्टिव्हेशन: म्हणजे ही विंडोज रीतसर लायसन्सची आहे की नाही.

बघायचं कसं?

पायरी १. कीबोर्डवर चार चौकटींचं चिन्ह असलेली कळ दाबून धरा आणि आर दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात 'विनव्हर' टाइप करा. इंग्रजीत सहा अक्षरं: डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. मग एंटर. समोर पिढी, आवृत्ती, बिल्ड, सगळं येईल. ही युक्ती अगदी जुन्या एक्सपीपासून ११ पर्यंत सगळीकडे चालते. एवढं एक पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल.

पायरी २. सेटिंग्ज उघडा, सिस्टममध्ये जा, सगळ्यात खाली अबाउट. इथे रॅम, प्रोसेसर, होम की प्रो हे दिसेल. 'सिस्टम टाइप'च्या ओळीत ३२ की ६४ बिट ते कळेल. विंडोज ७ असेल तर 'कॉम्प्युटर'वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघा.

ही 'सिस्टम टाइप'ची ओळ नीट वाचा, कारण तिच्यात दोन गोष्टी असतात. आधी विंडोज किती बिटची, मग प्रोसेसर कसा. विंडोज ३२ बिटची आणि प्रोसेसर मात्र एक्स६४ असं दिसलं, तर मशीन सक्षम आहे, आत टाकलेली विंडोज चुकीची आहे. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. म्हणजे ८ जीबी रॅमचे पैसे दिले आणि अर्धी नुसती बसून! मात्र ३२ वरून ६४ वर जायचं तर विंडोज नव्याने टाकावी लागते. आधी सगळा डेटा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या.

पायरी ३. ॲक्टिव्हेशन. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. आणखी खात्री करायची असेल तर पुन्हा विंडोज कळ आणि आर दाबून असं लिहा: एस, एल, एम, जी, आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि एक्स, पी, आर. 'कायमस्वरूपी ॲक्टिव्हेटेड' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर चांगलं. संपण्याची तारीख दिसली तर थांबा. कंपन्यांच्या घाऊक लायसन्सला तशी तारीख असते, आणि क्रॅक करून टाकलेल्या विंडोजलाही असते. ऑफिसमधून निघालेलं मशीन तुमच्याकडे आलं तरी त्या ऑफिसचं घाऊक लायसन्स तुमच्याकडे येत नाही.

नुसत्या दिसण्यावर जाऊ नका

विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण मधोमध असतं, पण ते डावीकडे नेता येतं. विंडोज १० ला ११ चं रूप देणारी सॉफ्टवेअरंही मिळतात. सोफ्याला नवीन खोळ घातली म्हणून आतला स्पंज नवा होत नाही.

बिल्डचा आकडा बघा. २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज ११. त्याहून लहान, १९०४५ सारखा, असेल तर १०. आत कुठे 'आवृत्ती १०.०' असं दिसलं तर गोंधळू नका, विंडोज ११ सुद्धा आतल्या नोंदीत १०.० च दाखवते. जवळ ठेवायला एवढी यादी पुरे:

- १९०४५: विंडोज १०, २२एच२ (१० ची शेवटची आवृत्ती)
- २२०००: विंडोज ११, २१एच२
- २२६२१: विंडोज ११, २२एच२
- २२६३१: विंडोज ११, २३एच२
- २६१००: विंडोज ११, २४एच२
- २६२००: विंडोज ११, २५एच२

एक गंमत बघा, '२२एच२' ही आवृत्ती १० मध्येही आहे आणि ११ मध्येही. म्हणून नुसतं '२२एच२' सांगूनही भागत नाही.

धंद्याला याचं काय?

पहिलं, सुरक्षा. प्रत्येक विंडोजला मुदत असते. एक्सपीची ८ एप्रिल २०१४ ला संपली, ७ ची १४ जानेवारी २०२० ला, ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि तिथेच आपण फसतो. चालतोय ना, मग काय! पण सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही. त्याच संगणकावर तुमचं बँकेचं लॉगिन, जीएसटीचा पासवर्ड आणि ग्राहकांची उधारी असते.

तुमच्याकडे विंडोज १० असेल तर घाबरून लगेच मशीन विकू नका. वैयक्तिक वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. नोंदणी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून होते. पण त्यासाठी आवृत्ती २२एच२ च लागते. म्हणून आधी विनव्हर!

विंडोज ११ वाल्यांनीही निवांत बसू नये. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला दोनच वर्षं अपडेट मिळतात. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपलीसुद्धा. '११ आहे' एवढ्यावर थांबू नका.

दुसरं, जोडायची मशीन. लेबल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र, प्रत्येकाला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरच्या फाइलच्या नावात एक्स६४ असेल तर ती ६४ बिटसाठी, एक्स८६ असेल तर ३२ बिटसाठी. आकडा मोठा बघून ८६ म्हणजे भारी असं समजू नका, ते उलटं आहे.

तिसरं, ब्राउझर. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या क्रोमला विंडोज १० किंवा पुढची लागते. कुठलं पोर्टल तुमच्याकडेच नीट उघडत नसेल तर दर वेळी दोष नेटचा नसतो.

चौथं, मराठी. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' टाइप करा, मराठी उमटतं. लेबल, दरपत्रक, दुकानाची पाटी घरच्या घरी. आवृत्ती बघितली नाही तर ही सोय आपल्याकडे आहे हेच कळत नाही.

जुना संगणक घ्यायला जाताना

विक्रेता म्हणेल, "आय-५ आहे साहेब, ११ टाकून देतो." आय-५ हेही पुन्हा नुसतं गावाचं नाव. त्यापुढचा आकडा वाचा. आय-५ ३४७० म्हणजे तिसरी पिढी. आय-५ ८५०० म्हणजे आठवी. आय-५ १०४०० म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य करते. सोबत किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या मशीनवर पळवाट काढून ११ टाकता येते, पण मग पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत सॉफ्टवेअर हे मशीन ११ ला चालेल की नाही ते थेट सांगतं. दुकानातच चालवून बघा.

मशीन लांबून मागवताय? विक्रेत्याला एवढा मेसेज टाका:

"दादा, विनव्हरची खिडकी, अबाउटचं पान आणि ॲक्टिव्हेशनचं पान, असे तीन फोटो पाठवा. विंडोजचा प्रकार, आवृत्ती, किती बिट आणि लायसन्स हे बिलावर लिहून द्याल ना?"

प्रामाणिक विक्रेता पाच मिनिटांत फोटो पाठवतो. जो "अहो, विश्वास ठेवा की" म्हणतो, त्याच्याकडे चहा प्या आणि परत या. वॉरंटीच्या भांडणात विश्वास कामाला येत नाही, बिलावरची ओळ येते.

आणि एक सावधगिरी. "तुमची विंडोज एक्स्पायर झाली आहे, हे ॲप टाका, आम्ही नीट करून देतो," असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे न मागितलेले फोन करत नाही. आपली आवृत्ती आणि तिची तारीख आपल्यालाच माहीत असली की अशा फोनला आपण घाबरतही नाही.

आजचा गृहपाठ

वाचून झालं की आत्ताच विनव्हर करा. पाचही गोष्टी एका कागदावर लिहा आणि तो कागद सीपीयूच्या बाजूला चिकटवा. लॅपटॉप असेल तर वहीच्या पहिल्या पानावर. खाली आजची तारीख टाका, कारण अपडेटनंतर आकडे बदलतात. प्रिंटर घ्यायला जाल, हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्याल, दुरुस्तीला कोणाला बोलवाल, तेव्हा तो कागद पुढे करा. समोरचा माणूस लगेच ओळखतो की या गिऱ्हाइकाला गुंडाळता येणार नाही.

माझ्या साडेनऊ हजारांच्या मशीनचं काय झालं म्हणता? प्रोसेसर एक्स६४ निघाला. लायसन्स वेगळं घेतलं, ६४ बिट विंडोज १० टाकली आणि लेबल छापलं. खर्च मात्र नव्याच्या जवळ गेला. तुमचा जाऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर कागद चिकटवलेला असू द्या!